पोहणारं लाकूड: बर्फाखालच्या भालेमारीसाठी लाकडी मासा कसा घडवावा, कसा पारखावा

जानेवारीत अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातलं तळं म्हणजे नुसतं पांढरं मैदान असतं. त्यावर गाड्या उभ्या असतात, माणसं चालत असतात, आणि मधूनमधून बिनखिडक्यांच्या छोट्या खोपी दिसतात. अशा एखाद्या खोपीत शिरून दार ओढून घेतलं की आत मिट्ट काळोख. फक्त पायाशी, बर्फात कापलेल्या चौकोनी भोकातून हिरवट उजेड वर येत असतो. बाहेरचं ऊन बर्फातून गाळून पाण्यात उतरलेलं असतं, आणि खोपीत अंधार असल्यामुळे पाण्यावर कसलंही प्रतिबिंब पडत नाही. त्यामुळे दहा-बारा फूट खालचा शिंपला, शेवाळाचा झुपका, सगळं काचेखाली मांडून ठेवल्यासारखं दिसतं.

भोकाशी माणूस बसलेला असतो. एका हातात वीतभर काडी, काडीला दोरा, आणि दोऱ्याच्या टोकाला लाकडाचा मासा. काडी जरा उचलली की मासा पुढे सरकतो, जरा सैल सोडली की वळण घेत खाली तरंगत जातो. असा तो भोकाखाली गोल गोल फिरत राहतो. दुसऱ्या हाताशी, भोकाच्या कडेला टेकवलेला, पाच-सात टोकांचा जड भाला. तास जातो, दोन तास जातात. मग एका क्षणी खाली एक लांबट, काळसर देह उभा असतो. नॉर्दर्न पाइक नावाचा शिकारी मासा बहुतेकदा असाच येतो. कुठून आला ते दिसत नाही, फक्त आलेला दिसतो.

या लाकडी माशाला इथे डिकॉय म्हणतात. मराठीत भुलवणी म्हणता येईल, पण आपल्याकडे तळी गोठत नाहीत, म्हणून या वस्तूला आपला शब्दही नाही. मी डिकॉयच म्हणते. त्याला गळ नसतो, ही पहिली गोष्ट. गळाला लावलेलं आमिष माशाने तोंडात धरावं यासाठी असतं. डिकॉयचं काम माशाला जवळ आणायचं आणि काही क्षण तिथे थबकवायचं एवढंच. पुढचं काम भाल्याचं.

मी पहिला डिकॉय कोरला तेव्हा सगळा जीव रंगात ओतला होता. खवले, डोळ्यातलं कडं, पोटाकडे फिकट होत जाणारी पिवळी झाक. तो घेऊन मी ओळखीतल्या एका आजोबांकडे गेले. चाळीस-पन्नास वर्षं ते हे काम करत आले आहेत. त्यांनी रंगाकडे पाहिलंही नाही. गुरांना पाणी पाजायची मोठी पत्र्याची टाकी त्यांच्या गॅरेजमध्ये भरून ठेवलेली असते, तीत त्यांनी मासा सोडला. तो थेट तळाशी जाऊन बसला. दोरा ओढला तर सरळ उभा वर आला. त्यांनी तो माझ्या हातात परत दिला आणि स्वतःचा एक जुना, रंग उडालेला, डोळ्याच्या जागी नुसता खिळा ठोकलेला मासा टाकीत सोडला. तो पोहला. टाकीच्या कडेकडेने, न थांबता, एखादा जिवंत मासा घराबाहेर चक्कर मारून यावा तसा. डिकॉय दिसायला कसा आहे हा नंतरचा प्रश्न, तो पोहतो कसा हा पहिला, हे मला त्या टाकीपाशी कळलं. घडवणं असो की विकत घेणं, या लेखात जे काही सांगणार आहे ते त्या पोहण्याभोवतीच फिरतं.

ही युक्ती फार जुनी आहे. अलेक्झांडर हेन्री नावाचा कातड्यांचा व्यापारी १७६१-६२ च्या हिवाळ्यात मिशिलिमॅकिनॅकला होता. मिशिगन आणि ह्युरॉन ही दोन सरोवरं जिथे मिळतात तिथलं हे ठाणं. त्याच्या आठवणी १८०९ साली छापून आल्या. त्यात बर्फावरच्या भालेमारीचं वर्णन आहे, आणि ते वाचताना कालच्या खोपीतलं वाटतं: बर्फात भोक, त्यावर फांद्यांची बुटकी झोपडी, उजेड आत येऊ नये म्हणून वरून कातडी. पाण्यात सोडलेला लाकडाचा मासा, पोटात शिसं भरलेला, कमरेला दोरा. दोरा ओढला की पाण्याच्या दाबाने तो खऱ्या माशासारखा पुढे जातो. ट्राउट मासा झेप घेतो, शिकारी दोऱ्याला झटका देऊन डिकॉय वर खेचतो, चुकलेला ट्राउट पुन्हा येतो, आणि तेवढ्या वेळात भाला तयार ठेवलेला असतो. हेन्रीने हे जवळजवळ साठ फूट खोल पाण्यात चाललेलं सांगितलं आहे, पण भाल्याचा दांडा साधारण दहा फुटांचाच. डिकॉय वर खेचत माशाला त्याच्या टप्प्यात आणायचं. ही विद्या त्या सरोवरांच्या काठच्या अनिशिनाबे लोकांची, म्हणजे ओजिब्वे, ओडावा आणि त्यांच्या भावकीतल्या जमातींची. त्याहून उत्तरेला इन्युइट लोक वॉलरस या समुद्री प्राण्याच्या हस्तिदंती रंगाच्या सुळ्यातून बोटभर लांबीचे मासे कोरत आणि काकिवाक नावाच्या तीन टोकांच्या भाल्याने मासा मारत. युरोपातून आलेल्या शेतकऱ्यांनी आणि लाकूडतोड्यांनी हे सगळं इथे आल्यावर उचललं.

आता तो पोहतो कसा, ते पाहू.

पतंग उडवलेल्या माणसाला हे पटकन कळेल. पतंगाला कन्नी बांधताना गाठ बोटभर वर-खाली झाली तर तोच पतंग गोता खातो किंवा वर चढायलाच तयार होत नाही. कागद तोच, काड्या त्याच, वारा तोच. डिकॉयच्या पाठीवरची कडी म्हणजे त्याची कन्नी. ती माशाच्या वजनाच्या तोलबिंदूच्या जवळपास, किंचित पुढे हवी. का ते पाहा. दोरा वर ओढला की पाणी माशाच्या अंगाला खाली दाबतं, आणि कडीच्या मागे शेपटीकडे अंग जास्त असल्यामुळे मागचा भाग मागे रेंगाळतो. त्यामुळे तोंड वर होतं आणि मासा तिरपा, पुढे-वर जातो. दोरा सैल सोडला की मासा बुडायला लागतो. आता पाणी खालून वर दाबतं, शेपटीकडचा भाग पुन्हा रेंगाळतो, तोंड खाली होतं आणि मासा पुढे-खाली घसरतो. म्हणजे ओढा किंवा सोडा, जातो तो पुढेच. ही करामत बाजूच्या पंखांमुळे साधते. पंख नसतील तर लाकूड ओळंब्यासारखं सरळ वर-खाली होईल. कागदी विमानाच्या नाकाला टाचणी लावली की ते छान तरंगत जातं, त्यातही हेच आहे.

गोल फिरण्यासाठी शेपटी एका बाजूला वळवलेली असते. काही कारागीर अख्खं शरीरच धनुष्यासारखं किंचित वाकडं कोरतात, काही शरीर सरळ ठेवून फक्त पत्र्याची शेपटी वाकवतात. मासा शेपटी वळलेल्या बाजूला वळत जातो, सुकाणूसारखा. वळण किती द्यायचं हे भोकावर ठरतं. भोक साधारण दोन फूट बाय तीन फुटांचं असतं. चक्कर त्याहून फार मोठी झाली तर तुमचा मासा बर्फाखाली दिसेनासा होतो आणि त्याच्या मागे आलेला खरा मासाही तुम्हाला दिसत नाही. चक्कर फार लहान झाली तर तो भोवऱ्यासारखा जागच्या जागी गरगरतो.

उरलं शिसं. त्याची दोन कामं. पोटात, अगदी खाली बसवलेलं असलं की मासा कुशीवर कलंडत नाही. आणि लाकूड मुळात तरंगणारं, त्याला बुडवायलाही शिसंच लागतं. किती लागतं, याचा हिशोब घालूनच दाखवते, कारण माझी पहिली चूक इथेच झाली होती. समजा तुमचा मासा वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर लांब आहे आणि त्याचं घनफळ १५० घन सेंटिमीटर आहे. तो पूर्ण बुडाला की १५० ग्रॅम पाणी बाजूला सारतो. सीडरचं लाकूड पाण्याच्या साधारण ०.३५ पट जड, म्हणजे लाकडाचं वजन ५२-५३ ग्रॅम. उरलेलं सगळं शिशाने भरून काढायचं. शिसं पाण्याच्या ११ पटींहून थोडं अधिक जड असतं, आणि जेवढी जागा ते घेतं तेवढं लाकूड आपण कोरून काढतो. दोन्ही धरलं तर शिसं लागतं सुमारे १०० ग्रॅम, आणि त्यासाठी पोटात खाच हवी फक्त ९ घन सेंटिमीटरची: पाच सेंटिमीटर लांब, दीड रुंद, सव्वा खोल. एवढ्याने मासा ना तरंगतो ना बुडतो. त्यावर पाच-दहा ग्रॅम चढवले की तो हळूहळू बुडतो, आणि तेच हवं असतं. मी पहिल्या माशात अंदाजाने दीडशे ग्रॅमच्या वर ओतलं होतं. तो तळाशी बसणारच होता.

हिशोब नको असेल तर त्याहून सोपी रीत आहे. कोरलेल्या माशाला पंख आणि कडी तात्पुरती लावा, पोटाखाली रबरबँडने शिशाचे तुकडे बांधा, आणि बादलीत सोडा. मासा पाण्यात जिथे ठेवाल तिथेच राहायला लागेपर्यंत तुकडे कमी-जास्त करा, पुढे-मागे सरकवा. आडवा राहिला की थांबा. त्या जागेवर पेन्सिलने खूण करा आणि तुकड्यांचं वजन करा. यात एक गंमतीची सोय दडलेली आहे. बाहेर बांधलेलं शिसं स्वतःही थोडं पाणी सारतं, आत ओतलेलं सारत नाही. त्यामुळे बाहेर जेवढं लागलं अगदी तेवढंच आत घातलं, तर वरच्या मापाच्या माशाला पाच-सहा ग्रॅमचा जादा भार आपोआप मिळतो. हळू बुडण्यासाठी लागतो तेवढाच.

आता लाकूड. पांढरा सीडर, बासवुड, पाइन ही इथली नेहमीची लाकडं. सीडर हलका असतो, पाण्यात लवकर कुजत नाही, पण रेषा ठसठशीत असल्याने सुरी कधी कधी रेषेबरोबर पळते. बासवुड लोण्यासारखं कापलं जातं, नवशिक्याने तेच घ्यावं. पण ते पाणी पितं, म्हणून रंगाखाली त्याला नीट सील करावं लागतं. लाकूड काहीही असो, सुकलेलं हवं, आणि तुकड्यात गाठ नको.

कोरण्यात फार गूढ नाही. फळीवर माशाची बाजूची आकृती काढून करवतीने कापायची, मग वरून दिसणारी आकृती काढून पुन्हा कापायची. चौकोनी अंगाचा मासा हातात येतो. सुरीने कडा मोडत तो अष्टकोनी करायचा, मग गोलसर, मग कानस, मग सँडपेपर. मधोमध एक रेघ पाठीवर आणि एक पोटावर आखून ठेवायची आणि ती शेवटपर्यंत पुसू द्यायची नाही. सुरी चालवताना डाव्या-उजव्या बाजू कधी वेगळ्या होतात ते कळत नाही, रेघ मात्र सांगते. जाड भाग पुढच्या एक-तृतीयांशात ठेवावा. पंख पत्र्याचे. जुने लोक डब्याचा पत्रा, तांबं, जे हाताशी असेल ते वापरत. आता ॲल्युमिनियम मिळतं, कात्रीने कापता येतं आणि हाताने वाकवता येतं, आणि पुढे जुळवणी करताना हे वाकणं फार कामाला येतं. पंखांसाठी अंगात करवतीची बारीक खाच पाडून पत्रा आत सरकवायचा आणि इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग कालवून लावायच्या गोंदाने, पक्का करायचा. न्यूयॉर्क राज्यातल्या शटॉक्वा सरोवरावरचे जुने मासे चामड्याच्या शेपटीचे असत. पाण्यात भिजलं की चामडं मऊ होऊन खरंच हलतं. तिथली भालेमारी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंद झाली, पण ते मासे आजही चटकन ओळखू येतात.

शिसं ओतण्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. शिसं ३२७ अंशांना वितळतं, आणि त्या तापमानाला खाचेत पाण्याचा एक थेंब जरी असला तरी त्याची क्षणात वाफ होऊन वितळलेलं शिसं तोंडावर उडतं. बादलीतली चाचणी झाल्या झाल्या ओतायला बसू नका. मासा दोन-तीन दिवस उबेत ठेवून पूर्ण वाळू द्या. काम उघड्यावर करा, चष्मा, चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्या हव्यातच. स्वयंपाकघरातलं भांडं आणि पळी यासाठी वापरली तर ती पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाही. लहान मुलं आणि गरोदर बाई आसपास नको, कारण शिशाचं विष अंगात साठत जातं. खरं तर घरी करणाऱ्याने वितळवूच नये असं माझं मत आहे. बंदुकीचे शिशाचे छर्रे किंवा गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या इपॉक्सीत कालवून खाचेत भरल्या तरी काम तितकंच चोख होतं. फक्त त्याला जागा थोडी जास्त लागते, म्हणून खाच मोठी घ्यायची. पाग टाकणाऱ्या आपल्या कोळ्यांच्या जाळ्याच्या काठाला असतात, तशाच त्या गोळ्या. ओतायचंच असेल तर खाच तोंडाशी अरुंद आणि आत रुंद कोरा, किंवा आत दोन आडवे खिळे ठोका. शिसं निवताना आकसतं, आणि धरून ठेवायला काही नसेल तर एखाद्या दिवशी अख्खा ठोकळा निसटून तळ्याच्या तळाशी जातो.

रंगाला मी शेवटी ठेवलं, पण टाकाऊ म्हणून नाही. रंग आधी पाण्यापासून वाचवतो, मग दिसतो. लाकडाने पाणी प्यायलं की वजन बदलतं आणि सगळा तोल बिघडतो. म्हणून आधी सीलर, मग बाहेरच्या कामाचा इनॅमल किंवा ॲक्रिलिक, वरून वॉर्निशचे दोन-तीन हात. नितळ पाण्याच्या तळ्यावर पर्च माशासारखे हिरवे-पिवळे पट्टे किंवा सकर माशासारखा मातकट रंग चालतो. चहासारख्या रंगाचं पाणी असेल तर लाल-पांढरा, नारिंगी, भडक पिवळा. लाल डोकं आणि पांढरं अंग हा जोड इथे जवळजवळ प्रत्येक पेटीत सापडतो. पांढऱ्याचा एक फायदा तुमच्यासाठीही आहे: अंधाऱ्या तळावर तुमचा स्वतःचा मासा कुठे आहे ते कळत राहतं.

आणि मग जुळवणी. यात अख्खी संध्याकाळ गेली तरी वाईट वाटून घेऊ नये. घरच्या टबमध्ये, पिंपात, कुठेही करा, पण करा. मासा तोंड खाली घालून लटकत असेल तर दोरा पुढच्या भोकात घ्या. म्हणूनच चांगल्या डिकॉयच्या पाठीवर एकाच कडीऐवजी तीन-चार भोकांची पत्र्याची पट्टी असते. शेपटी खाली लोंबत असेल तर दोरा मागे घ्या. कुशीवर झुकत असेल तर दोन पंखांचे कोन वेगळे आहेत. चक्कर मोठी तर शेपटी केसभर आणखी वळवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही, आणि मग माणूस पत्रा पुढे-मागे वाकवत बसतो, तोवर तो तुटतो.

विकत घ्यायचा असेल तर आधी कशासाठी घेताय ते ठरवा. पाण्यात सोडायला, भिंतीवर लावायला, की जुनी वस्तू म्हणून जपायला. बाजारात तिन्ही एकाच टेबलावर मांडलेले असतात आणि तिथेच गफलत होते. गावोगावच्या दुकानांत मिळणारे काही सुंदर मासे पाण्यासाठी बनलेलेच नसतात: पोटात शिसं नाही, पंख लाकडाचे आणि नाजूक, वॉर्निश फक्त चमकेपुरतं. सावंतवाडीची लाकडी फळं आपण चाखून पाहत नाही, तसे हे मासे पोहवून पाहायचे नसतात. शोभेसाठी घेतलात तर त्यात काही चूक नाही. फक्त किंमत आणि अपेक्षा त्या हिशोबाने असावी.

कामाचा मासा घेताना हातात धरून पोटाकडे पाहा. शिसं कुठे आहे आणि त्याच्या कडेने फट आहे का? पंख धरून हलकेच हलवा, खाच सैल असेल तर तिथूनच पाणी शिरणार. कडी किंवा पट्टी नुसत्या गोंदाने चिकटवलेली नको. पाइकसाठी सहा ते नऊ इंच लांबी पुरते. आणि कारागीर समोर असेल तर सरळ म्हणा, पोहवून दाखवा. हिवाळ्यात भरणाऱ्या मेळाव्यांत बहुतेक जण शेजारी पाण्याची टाकी ठेवतातच. काडी स्वतः हातात घ्या. ओढताना आणि सोडताना, दोन्ही वेळा मासा पुढे जातो का ते बघा. अनेक मासे ओढताना सुरेख पोहतात आणि सोडल्यावर शेपटीवर घसरत मागे येतात. असा मासा मी घेत नाही, कारण पाइक बहुतेकदा त्या सोडण्याच्या क्षणीच जवळ येतो.

जुन्या डिकॉयची दुनिया वेगळी. मिशिगन राज्यातल्या कॅडिलॅक गावचे ऑस्कर पीटरसन (१८८७-१९५१) यांचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं. त्यांनी हजारोंनी मासे कोरले आणि ते थोडक्या पैशांत विकले गेले. आज त्यांच्या एखाद्या चांगल्या माशाला लिलावात हजारो डॉलर मिळतात. त्यांचे मासे मी संग्रहात पाहिले आहेत. ब्रशच्या मोजक्या फटकाऱ्यांत खवले आणि पंख उमटलेले, अंगाला हलकी कमान. माणसाने हे खाण्यापिण्याची सोय व्हावी म्हणून केलं आणि तरी एकही फटकारा कंटाळलेला नाही. १९९० साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन लोककला संग्रहालयात भालेमारीच्या डिकॉयचं प्रदर्शन भरलं. त्याआधी गॅरेजच्या कोनाड्यात पडलेल्या या वस्तूंकडे कला म्हणून पाहणारे मोजकेच लोक होते. मिशिगनच्याच डोवाजिॲकमधल्या हेडन कंपनीसारख्या आमिषं बनवणाऱ्या कारखान्यांनीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बर्फाचे डिकॉय काढले होते, त्यांनाही चांगली मागणी असते.

किंमत आली की नक्कलही आली. नवा मासा चहाच्या पाण्यात बुडवून, घासून, भाजून जुना केला जातो. खरी झीज काही ठरावीक जागी पडते. दोऱ्याने कडीच्या आतल्या कडेला घासून चमक आलेली असते, पोट आणि पंखांची टोकं पेटीत आपटून बोथट झालेली असतात, शिशावर करडी-पांढरट साय धरलेली असते. अंगभर सारखी झीज असेल, अगदी पंखाखालच्या कोपऱ्यातही, तर संशय घ्यावा. तिथे कुठलंही बोट पोचत नाही. महागडी वस्तू घेताना ती कोणाकडून कोणाकडे आली हे लेखी मागा. विस्कॉन्सिनमधल्या ओजिब्वे कारागिराचा मासा म्हणून कोणी विकत असेल तर कारागिराचं आणि जमातीचं नाव विचारा. मूळनिवासींनी न बनवलेली वस्तू त्यांची म्हणून विकणं अमेरिकेत १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे.

ओजिब्वेंचं नाव मी केवळ कलाकुसरीसाठी घेत नाही. उत्तर विस्कॉन्सिनमध्ये लॅक डू फ्लॅम्बो नावाची त्यांची राखीव भूमी आहे. फ्रेंच व्यापाऱ्यांनी ते नाव ठेवलं, कारण तिथले लोक रात्री मशालीच्या उजेडात भाल्याने मासे मारताना त्यांना दिसले. तिथले डिकॉय मला सगळ्यात जिवंत वाटतात: अंगाला बाक, आणि काहींवर रंगाऐवजी लाकूड ज्योतीवर धरून उमटवलेले काळसर पट्टे. १८३७ आणि १८४२ च्या करारांत या लोकांनी जमीन दिली, पण तिच्यावर शिकार आणि मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला होता. राज्याने तो दीर्घकाळ मानलाच नाही. १९८३ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने तो हक्क कायम असल्याचा निकाल दिला. त्यानंतर ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, वसंतात भाले घेऊन तळ्यावर उतरणाऱ्या ओजिब्वे कुटुंबांना धक्क्यांवर जमलेल्या जमावाच्या शिव्या आणि दगड खावे लागले. तिथून मी एक मासा विकत घेतला आहे, आणि तो उचलताना मला हे आठवल्याशिवाय राहत नाही. ज्यांच्याकडून ही विद्या सगळ्यांनी घेतली, त्यांनाच ती वापरण्यासाठी न्यायालयात जावं लागलं.

भाला हाती घ्यायचा तर नियम नीट वाचा, कारण गळाला लागलेला मासा सोडून देता येतो, भाल्याने मारलेला सोडता येत नाही. मिनेसोटात यासाठी परवाना लागतो, आणि पाइकच्या लांबीचे व संख्येचे नियम २०१८ पासून तीन विभागांत वेगवेगळे आहेत. मस्की मारायला तिथे बंदी आहे आणि तो पाइकचा सख्खा भाऊबंद. पाइकच्या गडद अंगावर फिकट ठिपके असतात आणि शेपटीची टोकं गोलसर. मस्कीच्या फिकट अंगावर गडद खुणा असतात आणि शेपटीची टोकं अणकुचीदार. वरून, अंधारात, दोन-तीन क्षणांत हे ओळखायचं असतं. इथे चांगला डिकॉय पुन्हा उपयोगी पडतो. तो संथ फिरत राहिला तर आलेला मासा थबकतो, कधी सोबत अर्धी चक्करही मारतो, आणि तुम्हाला त्याची शेपटी नीट पाहायला वेळ मिळतो. खात्री नसेल तर भाला जागचा हलवायचा नाही.

स्टर्जन या अवाढव्य माशाची गोष्ट याहून मोठी आहे. विस्कॉन्सिनच्या विनेबॅगो सरोवरावर फेब्रुवारीत त्यांची भालेमारी चालते, ठरलेली संख्या भरली की हंगाम लगेच बंद होतो. २०१० मध्ये तिथे मारलेला एक स्टर्जन २१२ पौंडांचा, म्हणजे ९६ किलोंचा होता. मिशिगनच्या ब्लॅक लेकवर तर एवढे थोडे मासे मारायची परवानगी असते की कधी कधी अख्खा हंगाम तासाभरात आटोपतो. तिथल्या खोपींतले डिकॉय हातभर लांबीचे, कधी त्याहूनही मोठे असतात. तेही याच रीतीने घडतात, फक्त त्यांची चाचणी टबमध्ये होत नाही.

माझा तो पहिला मासा मी फेकला नाही. गिरमिटाने पोटातलं शिसं थोडं थोडं काढत गेले, दर वेळी टाकीत सोडून पाहत. तिसऱ्या आठवड्यात त्याने पहिली पूर्ण चक्कर मारली. खवल्यांचा रंग तोवर पोटाकडून सगळा निघाला होता. तो रंग मी पुन्हा लावलेला नाही.